ऑन्टॅरिओचे बदललेले कायदे: विल, मुलं, घटस्फोट आणि सरकारी मदत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन किंवा वॉटर्लूच्या कुठल्याही मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे प्रश्न फिरत असतात, आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा दहा वर्षांपूर्वीचा कायदा सांगत असतो. २०१८ पासून ऑन्टॅरिओने कुटुंब, वारसा, बालसंरक्षण आणि कोर्टकामाचे कायदे बरेच बदलले. खाली आहे ती माहिती, वकिली सल्ला नव्हे. आपलं प्रकरण उभं राहिलं तर कागद घेऊन वकिलाकडेच जा.

घटस्फोटाचा कायदा कॅनडाचा की ऑन्टॅरिओचा?

दोन्हींचा. १८६७ च्या घटनेने कामं वाटून दिली आहेत. लग्न मोडणं, म्हणजे प्रत्यक्ष घटस्फोट, ओटावाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे. गुन्हेगारी कायदाही तिकडेच. लग्न लावण्याचे नियम, मालमत्ता, वारसा, कोर्टांचा कारभार आणि समाजकल्याण प्रांताकडे. त्यामुळे एकाच जोडप्याचा घटस्फोट केंद्राच्या कायद्याने होतो आणि घराची वाटणी प्रांताच्या. व्हँकुव्हरच्या मावसभावाचा अनुभव इथे लागू पडेलच असं नाही, ते याच कारणाने. ब्रिटिश कोलंबियाचा कौटुंबिक कायदा वेगळा, अल्बर्टाचा आणखी वेगळा.

बातमीत आलं की बिल मंजूर झालं. म्हणजे लागू झालं ना?

नाही. बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे ऑन्टॅरिओच्या विधिमंडळात, बिलाची तीन वाचनं होतात, मध्ये समितीची फेरी असते, मग लेफ्टनंट गव्हर्नरची संमती मिळते. पण संमतीचा दिवस आणि अंमलाचा दिवस एकच असेल असं नाही. पुष्कळ कलमांखाली लिहिलेलं असतं की हे कलम पुढे जाहीर होईल त्या दिवशी लागू होईल. शिवाय अशी बिलं सहसा एकाच कायद्यापुरती नसतात. एका मोटेत दहा-बारा कायद्यांच्या दुरुस्त्या बांधलेल्या असतात.

उत्तम नमुना म्हणजे २०२१ चं बिल २४५, ‘अ‍ॅक्सिलरेटिंग अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्ट’. त्याला संमती मिळाली १९ एप्रिल २०२१ ला. पण व्हिडिओवर सही केलेल्या विलबद्दलचा त्यातला नियम मागे जाऊन ७ एप्रिल २०२० पासून लागू झाला. आणि लग्नाने विल रद्द होण्याचा जुना नियम गेला तो १ जानेवारी २०२२ पासून. कायदा एक, तारखा तीन. म्हणून ‘कायदा काय म्हणतो?’ असं विचारण्याआधी आपल्या घरातली घटना कुठल्या तारखेची आहे ते शोधा. लग्न कधी झालं, वेगळे कधी झालात, माणूस कधी गेला. उत्तर त्यावर फिरतं.

कायद्याचा ताजा मजकूर प्रांत सरकारच्या ‘ई-लॉज’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. जुन्या तारखेला तो कसा होता हेही तिथे दिसतं. वकिलाला फी देण्याआधी अर्धा तास तिथे घालवायला हरकत नाही.

लग्नाआधी विल केलं होतं. लग्नानंतर ते चालतं का?

१ जानेवारी २०२२ ला किंवा त्यानंतर लग्न झालं असेल तर चालतं. त्याआधी झालं असेल तर, काही अपवाद सोडून, त्या लग्नाने आधीचं विल रद्द झालं असं धरा.

म्हणजे समजा, कोणी २०१५ मध्ये इथे नोकरीला लागल्यावर विल करून सगळं आई-वडिलांच्या नावे ठेवलं आणि २०१९ मध्ये लग्न केलं. ते विल गेलं. त्याच माणसाने २०२३ मध्ये लग्न केलं असतं तर विल टिकलं असतं आणि बायकोचं नाव त्यात नसतं. तिला कायद्याने काही हक्क राहतात, पण ते मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि मुदतीही असतात.

जुना नियम का काढला? वयस्कर, एकट्या माणसाशी घाईत लग्न करून त्याचं आधीचं विल आपोआप बाद करण्याचे प्रकार व्हायचे, ते थांबावेत हा एक मोठा हेतू होता. हेतू रास्त आहे. पण त्याची किंमत साध्या तरुण जोडप्यांना मोजावी लागते, कारण लग्नाच्या धामधुमीत विल बदलायची आठवण कोणाला राहते?

घटस्फोट झालेला नाही, पण वेगळे राहतोय. विलमध्ये अजून नवऱ्याचं नाव आहे.

पूर्वी घटस्फोटाचा हुकूम हातात येईपर्यंत विलमधला जोडीदाराचा वाटा कायम राहायचा. आता मृत्यूच्या वेळी लग्न मोडल्यामुळे दोघं वेगळे राहत असतील, आणि सलग तीन वर्षं तसं झालं असेल किंवा विभक्त होण्याचा वैध करार, कोर्टाचा हुकूम वा कौटुंबिक लवादाचा निवाडा झाला असेल, तर जोडीदाराला विलमधून मिळायचं ते मिळत नाही. विल नसतानाच्या वारसाहक्कालाही हाच नियम आहे. हेही १ जानेवारी २०२२ पासूनचं, आणि त्याआधीच्या घटनांचा हिशेब वेगळा. तीन वर्षं पुरी व्हायची वाट बघू नका, विल आजच बदला.

विलच केलं नसेल तर सगळं बायकोला जातं ना?

मुलं नसतील तर हो. मुलं असतील तर नाही. आधी जोडीदाराला ठरावीक रक्कम मिळते: १ मार्च २०२१ ला किंवा नंतर मृत्यू झाला असेल तर ३,५०,००० डॉलरपर्यंत, त्याआधी २,००,०००. उरलेल्यातून एकच मूल असेल तर अर्धं जोडीदाराला आणि अर्धं मुलाला. एकाहून जास्त मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश.

आई-वडिलांना यात काहीच नाही. पुण्यात किंवा सांगलीत त्यांना दरमहा पैसे पाठवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

व्हिडिओ कॉलवर विल करता येतं का?

येतं. कोविडमध्ये तात्पुरती सोय म्हणून सुरू झालं आणि बिल २४५ ने कायमचं केलं. पण डोळ्यांसमोर येतं तसं ते ‘ऑनलाइन विल’ नव्हे. प्रत्यक्षात असं होतं:

तुम्ही ब्रॅम्प्टनला स्वयंपाकघराच्या टेबलाशी, एक साक्षीदार मार्कममध्ये, वकील किंवा पॅरालीगल (मर्यादित कामांचा परवाना असलेला कायदेशीर सल्लागार) त्यांच्या ऑफिसात. तिघंही एकमेकांना पाहू, ऐकू आणि बोलू शकतील असा कॉल. दोन साक्षीदारांपैकी निदान एक जण ऑन्टॅरिओच्या लॉ सोसायटीचा, म्हणजे वकिलांना परवाने देणाऱ्या संस्थेचा, परवानाधारक असावाच लागतो. प्रत्येकापुढे विलची तंतोतंत तीच छापील प्रत. तुम्ही कॅमेरा खाली वळवून आपल्या प्रतीवर शाईच्या पेनने सही करता, मग ते दोघं कॅमेऱ्यासमोरच आपापल्या प्रतींवर करतात. मग त्या प्रती कुरिअरने एकत्र येतात आणि सगळ्या मिळून एक विल होतं. एखादी प्रत पोस्टात हरवली की डोकेदुखी. माउसने केलेली किंवा टाइप केलेली सही चालत नाही.

ज्याला विलमधून काही मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवराबायकोने, साक्षीदार होऊ नये. वाटा जाण्याची भीती असते. ‘घरातलीच सून आहे, तिचीच सही घेऊ’ हे इथे महागात पडतं.

मराठीत हाताने लिहिलेलं विल चालेल?

चालू शकतं. सगळा मजकूर स्वतःच्या अक्षरात आणि खाली सही असेल तर साक्षीदारही लागत नाहीत. भाषेची अट नाही, मात्र कोर्टात द्यायची वेळ आली की प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. छापील फॉर्मच्या गाळलेल्या जागा हाताने भरल्या तर ते हस्तलिखित ठरत नाही. तेव्हा दोन साक्षीदार हवेतच.

मृत्यू १ जानेवारी २०२२ नंतरचा असेल तर कागदात काही उणीव राहिली तरी मृताचा खरा इरादा दाखवून कोर्टाकडून विल मान्य करून घेता येतं. फोनमधल्या टिपणाला किंवा ईमेलला ही सवलत नाही. आणि मान्य करून घेणं म्हणजे वकील, तारखा, खर्च. त्यावर विसंबू नका.

इथल्या कागदावर पुण्याचा फ्लॅट विकता येईल का?

ऑन्टॅरिओची ‘पॉवर ऑफ अटर्नी’ इथल्या बँकेसाठी आणि इथल्या दवाखान्यासाठी. मालमत्तेची एक, शरीराच्या काळजीची दुसरी. दोन्ही १९९२ च्या ‘सब्स्टिट्यूट डिसिजन्स अ‍ॅक्ट’खाली. नवरा, बायको किंवा मूल त्यावर साक्षीदार होऊ शकत नाही. या कागदांवरही व्हिडिओवर सही करता येते.

भारतातल्या जागेसाठी वेगळं कुलमुखत्यारपत्र करा, तिथल्या वकिलाकडून मसुदा घेऊन. टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा नोटरीपुढे सही करून ते महाराष्ट्रात पाठवलं की तिथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही तीन महिन्यांची अट पुष्कळजण विसरतात, आणि मग दुय्यम निबंधकाच्या टेबलावर फाईल अडते.

प्रोबेटला किती पैसे जातात?

प्रोबेट म्हणजे कोर्टाकडून विलवर शिक्कामोर्तब. त्यासाठी इस्टेटीच्या पहिल्या ५०,००० डॉलरवर काही नाही. पुढच्या दर हजाराला १५ डॉलर. १ एप्रिल २०२१ पासून १,५०,००० डॉलरपर्यंतच्या लहान इस्टेटीसाठी सोपी पद्धत आहे. कागद कमी, दर तोच.

घटस्फोटात मुलांची कस्टडी आईलाच मिळते का?

आई-बाप यात कायदा भेद करत नाही, आणि ‘कस्टडी’ हा प्रकारच आता राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मूव्हिंग ऑन्टॅरिओ फॅमिली लॉ फॉरवर्ड अ‍ॅक्ट’ने प्रांताचा कायदा बदलला. केंद्राचा घटस्फोट कायदाही बदलला, आणि दोन्ही बदल १ मार्च २०२१ पासून लागू झाले. लग्न झालेल्यांना आणि न झालेल्यांना आता जवळजवळ सारखेच नियम आहेत.

कोर्ट दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतं. शाळा, आरोग्य, धर्म, भाषा यांचे मोठे निर्णय कोण घेणार, हे एक. मूल कोणाकडे किती वेळ राहणार, हे दुसरं. निर्णयाचा अधिकार दोघांकडे मिळून असू शकतो आणि वेळ मात्र असमान. म्हणजे ‘मुलगा आठवड्यातून पाच दिवस माझ्याकडे असतो, तेव्हा त्याची शाळा मीच बदलणार’ असं चालत नाही.

घरातली हिंसा आता कायद्यात नीट सांगितलेली आहे. फक्त मारहाण नाही. पैसे काढून घेणं, पासपोर्ट लपवणं, धमक्या, सतत पाळत आणि धाक हेही त्यात येतं, आणि मुलाने ते पाहिलं-ऐकलं तरी ते मोजलं जातं. आपल्याकडे ‘हात उचलला नाही ना कधी?’ म्हणून ज्या गोष्टी मिटवल्या जातात, त्या न्यायाधीशापुढे आज पुरावा ठरतात. माझ्या मते या सगळ्या दुरुस्त्यांमधली सर्वांत मोलाची हीच.

मुलांना घेऊन कॅलगरीला, किंवा कायमचं भारतात जायचं असेल तर?

जाण्यानं मुलाच्या दुसऱ्या पालकाशी असलेल्या नात्यावर मोठा परिणाम होणार असेल, तर निदान ६० दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात लेखी नोटीस द्यावी लागते. समोरच्याला हरकत घ्यायला ३० दिवस. हिंसेचा धोका असेल तर नोटिशीतून सूट मागता येते, तीही कोर्टाकडूनच.

वाद झाला तर मुलाचा सध्याचा वेळ बघतात. दोघांकडे साधारण सारखा असेल, तर जाणं मुलाच्या हिताचं आहे हे जाणाऱ्याने पटवायचं. मूल बहुतांश एकाकडेच राहत असेल, तर ते हिताचं नाही हे विरोध करणाऱ्याने.

सुट्टीत भारतात नेणं हे स्थलांतर नव्हे, पण दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र बरोबर ठेवा. आणि एक कडू गोष्ट: मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविरुद्धच्या हेग करारात भारत नाही. मूल तिकडे नेऊन परत आणलंच नाही, तर हेगच्या कराराने ते परत आणण्याचा रस्ता बंद असतो, भारतातल्या कोर्टात लढावं लागतं. म्हणूनच इथली कोर्टं प्रवासाच्या परवानगीबाबत कधीकधी फार सावध वागतात. उलट बाजूही बघा. दुबईहून ऑन्टॅरिओत आणलेल्या मुलांना परत पाठवण्याचा आदेश कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये कायम केला. संयुक्त अरब अमिरातही त्या करारात नाहीत.

सून नातवाला भेटू देत नाही. आजी-आजोबांना काही हक्क?

२०१६ पासून ऑन्टॅरिओच्या कायद्यात आजी-आजोबांचा स्पष्ट उल्लेख आहे. ते संपर्कासाठी अर्ज करू शकतात, आणि संपर्कात व्हिडिओ कॉलही येतो. पण हा हक्क नाही, अर्ज करण्याची मुभा आहे. आई-वडील समंजस निर्णय घेत असतील तर कोर्ट सहसा त्यांच्याच बाजूला राहतं. नातं आधीपासून घट्ट होतं आणि ते विनाकारण तोडलं, हे दाखवावं लागतं. इतकी वर्षं पाहून सांगतो, मध्यस्थाकडे बसून महिन्यातला एक रविवार मिळवणं खटल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि दिवाळीला बोलावणंही येतं.

दागिन्यांची वाटणी होते का? भारतातल्या घराची?

ऑन्टॅरिओत वस्तूंची वाटणी होत नाही, वाढीची होते. लग्नाच्या दिवशी प्रत्येकाकडे किती होतं आणि वेगळे झालात त्या दिवशी किती, याचा हिशेब करून फरक पैशांत सारखा करतात. जगभरातली मालमत्ता यात धरतात. कोथरूडचा फ्लॅट लग्नानंतर घेतला असेल तर त्याची किंमत इथल्या कागदावर लिहावीच लागते.

माहेरहून मिळालेले दागिने लग्नाच्या दिवशी तुमचेच होते असं दाखवता आलं, तर त्या दिवसाची किंमत वजा होते. सोन्याचा भाव वाढला ती वाढ मात्र मोजतात. लग्नानंतर तुमच्या आईने दिलेल्या पाटल्या तिऱ्हाइताकडून आलेली भेट म्हणून पूर्ण बाहेर राहतात. नवऱ्याने दिलेलं मंगळसूत्र राहत नाही. वडिलांकडून लग्नानंतर वारशाने आलेली रक्कमही बाहेर, पण ती राहत्या घराच्या कर्जात घातली की ते संरक्षण गेलं. सराफाच्या जुन्या पावत्या जपून ठेवा, लग्नाचे फोटोसुद्धा. त्या फोटोत कोणत्या हातात काय आहे ते दिसतं.

दाव्याची मुदत वेगळे झाल्यापासून सहा वर्षं किंवा घटस्फोटापासून दोन, जी आधी संपेल ती.

लग्न न करता एकत्र राहतोय.

तीन वर्षं एकत्र राहिलात, किंवा मूल आहे आणि नातं काही काळ टिकून आहे, तर पोटगी मागता येते. वरची मालमत्तेची वाटणी मिळत नाही, आणि विल नसेल तर वारसाही नाही. वीस वर्षं एकत्र राहिलात तरी नाही.

नवऱ्याने भारतात जाऊन घटस्फोट घेतला. इथे तो मान्य होतो का?

दोघांपैकी कोणीही एक जण अर्ज करण्याआधी निदान वर्षभर भारतात राहत असेल तर केंद्राच्या कायद्याने सहसा मान्य होतो. चार दिवसांसाठी जाऊन आणलेला हुकूम मात्र आव्हान देण्यासारखा. नोटीस न देता घेतला असेल तर आणखीच.

हे हलक्यात घेऊ नका. परदेशातला घटस्फोट इथे मान्य झाला, तर इथल्या कोर्टात स्वतःसाठी पोटगी मागण्याची वाट बहुधा बंद होते. ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टाने २००७ मध्ये तसं ठरवलं आहे. नागपूरच्या कोर्टाचं समन्स आलं की ‘मी इथे राहते, मला काय त्याचं’ म्हणून बाजूला टाकू नका. दोन्हीकडचे वकील गाठा. तिकडे पुन्हा लग्न करायचं नसलं तरीही.

उलट दिशेने, इथला घटस्फोट भारतात मान्य व्हावा म्हणून तो दोघांच्या संमतीने झालेला बरा. एकतर्फी हुकूम भारतीय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालापुढे टिकत नाही.

शाळेतून सीएएसला फोन गेला. आता मुलं काढून नेणार?

बहुतेक प्रकरणांत नाही. सीएएस म्हणजे चिल्ड्रन्स एड सोसायटी, आणि तिचा कारभार ३० एप्रिल २०१८ ला लागू झालेल्या ‘चाइल्ड, यूथ अँड फॅमिली सर्व्हिसेस अ‍ॅक्ट’वर चालतो. शिक्षिकेवर राग धरू नका. सोळा वर्षांखालच्या मुलाला इजा किंवा दुर्लक्ष झाल्याची रास्त शंका आली तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि तिच्यासारख्या व्यावसायिकाने कळवलं नाही तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुख्याध्यापकांना सांगून ती जबाबदारी टळत नाही, स्वतःच फोन करावा लागतो.

घरी आलेला कार्यकर्ता मुलांशी एकटं बोलायला मागतो, फ्रिज उघडून बघतो, झोपायची जागा विचारतो. शांतपणे बोला, नाव आणि फोन नंबर लिहून घ्या, इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषी मागा. आजी-आजोबा घरात राहतात, मुलं त्यांच्याजवळ झोपतात हे सांगायला लाजू नका. मुलाची संस्कृती आणि भाषा लक्षात घेणं नव्या कायद्याने त्यांच्यावर घातलेलं आहे. सह्या करायला कागद पुढे आला तर आधी वकील.

मूल खरोखर सुरक्षित जागी नेलं, तर पाच दिवसांच्या आत प्रकरण कोर्टापुढे आणावं लागतं. त्याच दिवशी लीगल एडला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मिळवून देणाऱ्या संस्थेला, फोन करा.

१ जानेवारी २०१८ पासून सोळा-सतरा वर्षांची मुलंही संरक्षण मागू शकतात. त्यांच्याशी करार होतो तो त्यांच्या संमतीने. घरातून निघून गेलेल्या अकरावीतल्या मुलीला ‘परत आणून द्या’ असं सोसायटीला सांगून उपयोग नसतो. जून २०२४ मध्ये ‘सपोर्टिंग चिल्ड्रन्स फ्युचर्स अ‍ॅक्ट’ आला. लहानपणी सोसायटीच्या देखरेखीत राहिलेल्यांच्या जुन्या फाइली पुढे कोणी बघायच्या, यावर त्याने बंधनं घातली.

मुलाला किती वर्षांचा झाल्यावर घरी एकटं ठेवता येतं?

कायद्यात वय लिहिलेलं नाही. सोळा वर्षांखालच्या मुलाची रास्त सोय केल्याशिवाय त्याला सोडून जाऊ नये, एवढंच आहे. ‘बारा वर्षं’ हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, पण तो कायद्यातला नाही.

आणि एखादा फटका?

तो केंद्राच्या फौजदारी कायद्याचा विषय. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाप्रमाणे दोन वर्षांखालच्या किंवा किशोरवयीन मुलावर हात उचलणं, पट्टा-लाटणं-चप्पल वापरणं आणि डोक्याला-तोंडाला मारणं याला कसलंही संरक्षण नाही. पोलिसांनी सोडलं तरी सीएएसची चौकशी वेगळी चालते.

आई-वडिलांना स्पॉन्सर करून आणलं. त्यांना ऑन्टॅरिओ वर्क्सची मदत घेता येईल?

ऑन्टॅरिओ वर्क्स म्हणजे उत्पन्न नसलेल्यांना प्रांताकडून मिळणारी मासिक मदत. अर्ज करता येईल, पण बिल तुमच्याकडे येईल. पालकांसाठी दिलेली हमी त्यांना पीआर (कायम रहिवासाचा दर्जा) मिळाल्यापासून २० वर्षांची असते, आणि त्या काळात त्यांनी घेतलेली ऑन्टॅरिओ वर्क्स किंवा ओडीएसपीची (अपंगत्वाच्या मदतीची) रक्कम सरकार स्पॉन्सरकडून वसूल करू शकतं. तुमची नोकरी गेली, तुमचा घटस्फोट झाला, तुम्ही नागरिक झालात, हमी संपत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माव्ही प्रकरणात, ज्यात ऑन्टॅरिओचेच स्पॉन्सर होते, स्पष्ट केलं की सरकार वसुली पुढे ढकलू शकतं, हप्ते बांधून देऊ शकतं, कर्ज माफ करू शकत नाही. थकबाकी असताना दुसऱ्या कोणाला स्पॉन्सरही करता येत नाही.

नेहमीचे डॉक्टर, दवाखाना यात धरत नाहीत, ते निर्धास्तपणे वापरा.

मात्र मुलगा-सून आईला त्रास देत असतील, तिला घराबाहेर काढलं असेल, तर तिने ‘मुलावर बोजा पडेल’ म्हणून गप्प बसू नये. अत्याचाराची प्रकरणं वेगळी हाताळतात. हे तिला कोणीतरी मराठीत, मुलगा खोलीत नसताना सांगायला हवं. सुपर व्हिसावर (पालकांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर) किंवा भेटीला आलेल्यांना ही मदत मिळत नाही.

रक्कम किती, आणि नकार आला तर?

एकट्या माणसाला ऑन्टॅरिओ वर्क्सखाली जास्तीत जास्त ७३३ डॉलर. हा आकडा २०१८ पासून हललेला नाही. टोरांटोत यात खोलीही मिळत नाही, हे मुद्दाम सांगावं लागू नये. अपंगत्वाची ओडीएसपी महागाईशी जोडलेली आहे: एकट्याला जुलै २०२५ पासून १,४०८ डॉलरपर्यंत, आणि महिन्याला १,००० डॉलरपर्यंत कमावलं तरी त्यातून कपात नाही.

नकाराचं पत्र आलं की ३० दिवसांत लेखी फेरविचार मागा. तिथेही नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत सोशल बेनिफिट्स ट्रायब्युनलकडे अपील करा. तुमच्या भागातलं कम्युनिटी लीगल क्लिनिक, तुमचं उत्पन्न त्यांच्या मर्यादेत बसत असेल तर, हे काम फुकट करतं आणि चांगलं करतं.

कंत्राटदाराने बेसमेंटचे पैसे घेतले आणि गायब झाला. ४०,००० डॉलर. वकील परवडत नाही.

स्मॉल क्लेम्स कोर्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून तिथली मर्यादा ३५,००० वरून ५०,००० डॉलर झाली आहे, तेव्हा तुमचा दावा आता तिथे बसतो. स्वतः उभं राहता येतं, किंवा पॅरालीगल घ्या. पावत्या, ई-ट्रान्सफरचे पुरावे आणि व्हॉट्सअ‍ॅप संभाषण तारखांसह छापून ठेवा. दावा सहसा दोन वर्षांच्या आत लावायचा. भाडेकरू-मालकाचं भांडण मात्र इथे नाही, ते लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्डाकडे.

मराठी दुभाषी मिळतो का?

फौजदारी आणि बालसंरक्षणाच्या प्रकरणात कोर्ट फुकट देतं. कौटुंबिक, दिवाणी आणि स्मॉल क्लेम्समध्ये तुमची कोर्ट-फी माफ झाली असेल किंवा न्यायाधीशाने सांगितलं तर. आधी कळवावं लागतं, आणि फॉर्मवर ‘हिंदी’ लिहू नका. आजींना हिंदी कळतं, पण जमिनीचा हिस्सा, मोठ्या जावेची सही आणि कोण काय बोललं हे त्या मराठीतच सांगणार. नातेवाइकाला दुभाषी म्हणून उभं करायला कोर्ट सहसा तयार होत नाही. वकील निवडायचा असेल तर लॉ सोसायटीची रेफरल सेवा ३० मिनिटांपर्यंत फुकट बोलायला वकील मिळवून देते. विनंतीच्या फॉर्ममध्ये भाषा विचारतात, तिथे मराठी लिहून बघा.